शोधाचे माहेर

कोल्हापूरहून निघावे, बेळगावास गाडी बदलावी आणि चोर्ल्याचा घाट उतरून सत्तरी तालुक्यात शिरावे, असा महिन्यातून दोनदा माझा नेम आहे. गोव्याच्या पूर्व टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या या तालुक्याचे मुख्य ठिकाण वाळपई. तेथे मी एक लहानसा संगीतवर्ग चालवितो. मुले आसपासच्या वाड्यांतून येतात. बहुतेकांच्या घरी भजनाची परंपरा असते, त्यामुळे सूर-तालाशी त्यांची ओळख मी करून द्यावी लागत नाही.

काही वर्षांपूर्वी ऐन काजूच्या हंगामात माझी एक विद्यार्थिनी तीन आठवडे वर्गाकडे फिरकली नाही. चौथ्या आठवड्यात आली ती वहीत घडी करून ठेवलेला एक कागद घेऊन. पेटीचा भाता उघडण्यापूर्वीच तिने तो माझ्यापुढे धरला. "सर, एवढे वाचून सांगाल? बाबांच्या रक्ताचा कागद आहे. घरी कोणालाच कळत नाही."

कागद इंग्रजीत होता. त्यावर काही आद्याक्षरे, दोन-चार आकडे आणि एक शिक्का. त्यातला 'पॉझिटिव्ह' हा एक शब्द मला ओळखता आला, आणि तोही चांगल्या अर्थी घ्यावा की वाईट, याचा क्षणभर संभ्रम पडला. मी गाणे शिकविणारा माणूस. शेवटी गावातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघे चालत गेलो. त्यांनी पाहिले आणि सांगितले, "माकडताप." मुलीचे वडील तोवर सुदैवाने उठून बसू लागले होते. पण आपल्याला काय झाले होते, ते कशाने झाले आणि पुन्हा रानात जावे की नाही, यांतले काहीच त्यांना कळलेले नव्हते.

परतीच्या वाटेवर घाट चढताना तो कागद मनातून जाईना. तो चुकीचा होता असे नाही. उलट अगदी बिनचूक होता. त्या एका शब्दामागे किती माणसांचे किती वर्षांचे श्रम होते, हे मला पुढे वाचल्यावर कळले. ते सारे ज्ञान तयार होते, पण ज्याच्या रक्तावरून ते सिद्ध झाले, त्याच्या घरापर्यंत ते पोचले नव्हते. विद्यापीठांतून व प्रयोगशाळांतून शोध लागतात, ते लोकांना समजावून सांगावेत की नाही, याची चर्चा आपल्याकडे बहुधा एक सुसंस्कृत हौस म्हणून होते. वाळपईत मला ती जिवाशी निगडित असलेली बाब वाटली.

या तापाची हकीकत थोडक्यात अशी. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसे तापाने फणफणली. माकडांना मारणारा पीतज्वर आफ्रिकेतून भारतात आला की काय, अशी प्रथम धास्ती पडली. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. पुढे त्याचेच नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असे झाले. तेथील संशोधक त्या जंगलात गेले, आणि हा पीतज्वर नसून अगदी नवाच आजार आहे असे त्यांनी दाखवून दिले. त्याचा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला. तो पसरतो गोचिडीतून. माकड आजारी पडते व मरते, त्याच्या अंगावरच्या गोचिडी जमिनीवर उतरतात आणि त्या ठिकाणी वावरणाऱ्या माणसाला चावतात. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला हा ताप होत नाही. रोग्यांपैकी शंभरात तीन ते पाच दगावतात, असे सर्वसाधारण प्रमाण सांगितले जाते.

सत्तरीत या तापाने २०१५ साली डोके वर काढले. पुढच्या दोन वर्षांत संशोधकांनी पाहणी केली आणि २०१७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. निबंधाचा विषयच मुळी गोव्यातील काजू-कामगारांना असलेला माकडतापाचा धोका हा होता. यातला कार्यकारणभाव समजून घेण्यासारखा आहे. काजूचा हंगाम उन्हाळ्याच्या महिन्यांत येतो. पिकून पडलेले बोंडू पाचोळ्यातून वाकून वेचावे लागतात. बी वेगळी करायची आणि रसाचा हुर्राक व पुढे फेणी. नेमक्या याच कोरड्या महिन्यांत गोचिडीची पिल्ले त्याच पाचोळ्यात असतात, आणि पिल्लेच माणसाला अधिक चावतात. म्हणजे ज्या चार महिन्यांत घराची वर्षाची मिळकत व्हायची, त्याच महिन्यांत, त्याच झाडाखाली हा आजार वाट पाहत असतो.

औषधाचे म्हणाल, तर या विषाणूवर हमखास गुण देणारे औषध नाही. लक्षणांवर उपचार करीत रोग्याला जपावे लागते. एक जुनी लस होती. तिचा प्रभाव पुरेसा पडत नाही असे दिसल्यावर ती अलीकडे थांबविण्यात आली, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नव्या लशीचे काम हाती घेतले. मग राहिले काय? अंगभर कपडे घालणे, गोचीड लागू नये म्हणून मिळणारे तेल हातापायांना चोळणे, रानातून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुणे, आणि माकड मेलेले दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्रात कळविणे. यांतला प्रत्येक उपाय हा केवळ सांगण्याचा आणि ऐकण्याचा आहे. एरवी शोध लागतो, मग औषध निघते आणि ते औषध लोकांपर्यंत जाते. येथे शोध लोकांना कळणे हेच आज औषध आहे.

त्यानंतरच्या एका पौषात वाळपईच्या एका शाळेत या विषयावर बोलण्यासाठी एक तरुण संशोधक आले होते. माझा वर्ग त्याच शाळेच्या बाजूच्या खोलीत भरतो. मुलांना घेऊन मीही जाऊन बसलो. पहिली वीस मिनिटे त्यांनी पडद्यावर चित्रे दाखविली. चित्रे सुरेख होती, भाषा अर्धी इंग्रजी होती. मागच्या बाकांवरच्या बायका आपसांत कुजबुजू लागल्या. शेवटी त्यांच्यातली एक वयस्क बाई उभी राहिली आणि कोकणी व मराठी यांच्या सीमेवरच्या आपल्या बोलीत तिने विचारले, "रानात जाऊ नका म्हणून तुम्ही सांगता. मग आमचा काजू कोण वेचणार?"

सभागृह हसले. संशोधक मात्र हसले नाहीत. त्यांनी पडद्यावरचे चित्र बंद केले, खाली उतरून पहिल्या बाकाच्या कडेवर बसले आणि त्या बाईलाच उलट विचारू लागले. तुम्ही पहाटे किती वाजता जाता? भाकरी कोठे बसून खाता? पाचोळा आधी झाडून घेता का? दुपारी टेकायला कोणते झाड? पुढची पाऊण घटका बोलत होत्या त्या बायका, आणि ते वहीत टिपून घेत होते. मग त्यांनी तेच उपाय पुन्हा सांगितले. या वेळी त्यांना पाचोळ्याचा वास होता आणि पहाटेची वेळ होती. एका माणसाने विचारले, यंदा आमच्या वाडीत ताप येईल की नाही? ते म्हणाले, "ते आम्हालाही अजून सांगता येत नाही." मला वाटले, आता लोकांचा विश्वास उडणार. झाले उलटेच. जो माणूस न कळलेले कबूल करतो, त्याचे कळलेले खरे असणार, असा हिशेब त्या बाकांवर झालेला मी चेहऱ्यांवरून वाचला.

या प्रसंगाने मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते करवीर दरबारी तबलावादक होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशी-बाविशीतले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. दरबाराने कलेला आसरा दिला हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. पण त्या आसऱ्याला एक दार होते आणि ते बहुतेकांना बंद होते. चीज चोरून ठेवणे, अस्ताई दाखविणे पण अंतरा झाकणे, मुलाला आणि जावयाला द्यायचे ते शिष्याला न देणे, या गोष्टी वडिलांनी पाहिल्या होत्या. "विद्या पेटीत ठेवली की तिला वाळवी लागते," असे ते म्हणत. मिरजेच्या दरबाराचा आश्रय सोडून विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, आणि भातखंड्यांनी गावोगाव हिंडून घराण्यांतल्या चिजा स्वरलिपीत छापून काढल्या, तेव्हा पुष्कळ जुन्या मंडळींनी नाके मुरडली. गाणे स्वस्त झाले, असा आरोप झाला. परंतु आज माझ्यासारखा शिक्षक वाळपईत बसून मुलांना यमन सांगू शकतो, तो त्या स्वस्ताईमुळेच.

संशोधनाच्या क्षेत्रातही असे दरबार आहेत. तेथे भाषा इंग्रजी, श्रोते आपल्याच विषयातले शे-दोनशे जण, आणि बिदागी म्हणजे बढती. कोणी दुष्टपणाने दार लावून घेतले आहे असे माझे म्हणणे नाही. रिवाजच तसा पडला आहे.

माझ्याच क्षेत्रातले एक उदाहरण घेतो. तबल्याच्या पुडीवर मधोमध काळी शाई का असते, असे मी लहानपणी विचारले, तेव्हा "ती नसेल तर तबला बोलत नाही" एवढे उत्तर मिळाले. ते खरे होते, पण अपुरे होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी याच प्रश्नावर १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह एक टिपण प्रसिद्ध केले, आणि १९३४ साली सविस्तर निबंध लिहिला. त्यांनी दाखविले ते असे. नुसते ताणलेले चामडे वाजविले की मूळ नादाबरोबर जे उपनाद उठतात, ते त्याच्या सुमारे १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे असतात. म्हणून डफाचा आवाज घुमतो, पण त्याला स्वर म्हणून पकडता येत नाही. मधोमध थरावर थर देऊन घोटलेली शाई बसविली की चामड्याच्या कंपनाचा हिशेब बदलतो. उपनाद दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सरळ पटीत येऊन बसतात आणि कानाला स्वर ऐकू येतो. पुडीवर बारीक वाळू पसरून त्या कंपनांच्या आकृतीही रामन यांनी काढल्या.

केवढा सुंदर शोध! शाई घोटणाऱ्या कारागिराच्या बोटांनी जो प्रश्न पिढ्यान्पिढ्या सोडविला होता, त्याचे गणित या पुरुषाने मांडले. परंतु आमच्या घरी पुड्या बदलायला येणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला हे कोणी सांगितले नव्हते. मी मोठेपणी वाचून त्याला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग हातातला दगड खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे माझ्या वडिलांना हे येत होते, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हते." त्या दिवशी त्याने पुडीचे पैसे घेतले नाहीत. शोध ज्याच्या हातातून निघाला, त्याच्याकडे तो परत जातो तेव्हा काय होते, हे मी तेथे पाहिले. सासरी नांदणारी लेक सणाला माहेरी येते, तसा प्रत्येक शोध एकदा तरी आपल्या माहेरी आला पाहिजे. क्यासनूरच्या शोधाचे माहेर काजूच्या बागा आहेत आणि तबल्याच्या शोधाचे माहेर कारागिराची ओसरी.

माहेरी जाण्याने शोधाचेही भले होते. वाळपईच्या बाजारात पहिल्या पावसानंतर पानांच्या पुड्यांतून रानातली अळंबी विकायला येतात आणि चढ्या भावाने हातोहात जातात. ही अळंबी वाळवीच्या वारुळावर उगवतात. गोवा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केलेले नंदकुमार कामत यांनी या बुरशीचा अभ्यास केला, आणि वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे लिहून लोकांना तिचे रहस्य सांगितले. वाळवी पाचोळा चावून आत नेते व त्यावर ही बुरशी जोपासते. बुरशी तो पाचोळा वाळवीला पचेल असा करून देते. दोघींचा संसार एकमेकींवर चालतो. छत्री उमलण्यापूर्वीच कळ्या ओरबाडल्या, तर बीजाणू रानात पडत नाहीत. वारूळच खणले, तर मुळावरच घाव बसतो. हे बाजारात बसणाऱ्या बायकांशी बोलताना मला आढळले की, कोणत्या वारुळावर केव्हा जायचे, किती ठेवून यायचे, याचे नेम त्यांच्या आज्यांपाशी होते. भाव वाढले तसे ते नेम सैल झाले. विद्यापीठाचे ज्ञान आणि आजीचा नेम येथे एकच गोष्ट सांगतात. दोघांची गाठ पडली, तर नेमाला कारण मिळेल आणि कारणाला पाळणारे हात मिळतील.

ही गाठ घालून देण्याचे काम कोणी करावे? याचे उत्तर आपल्या संस्थानी काळातच एकाने देऊन ठेवले आहे. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात १८९९ साली घर सोडून निघाले. काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे हिंडून पाली भाषेचे पंडित झाले आणि कलकत्त्यास अध्यापन करू लागले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की, मराठी मुलखात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कोसंबींनी अधिक पगाराचे कलकत्त्याचे काम सोडून ते पत्करले, कारण जे मिळविले ते आपल्या माणसांना सांगावे ही त्यांची तळमळ होती. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे हार्वर्डसारख्या विद्यापीठात त्यांनी मोठ्या विद्वानांबरोबर काम केले, तरी मराठी लिहिणे थांबविले नाही. राजाने येथे पंडिताला सांगण्यासाठी वेतन दिले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आजच्या विद्यापीठांत निबंध मोजले जातात, परिषदा मोजल्या जातात. शाळेच्या बाकाच्या कडेवर बसून घालविलेली पाऊण घटका कोणत्याही तक्त्यात मांडता येत नाही.

न सांगितल्याची किंमतही आपण मोजली आहे. हा माकडतापाचा विषाणू स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर उत्तरेकडून आला असावा काय, हे पाहण्याच्या निमित्ताने सलीम अली यांच्या मुंबईच्या संस्थेने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा माग घेतला. त्या कामाला मिळालेल्या अमेरिकी पैशावरून १९७० च्या दशकात संशयाचे वादळ उठले, आणि ते संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेले. ज्याची माहिती नसते त्याची भीती वाटते, आणि भीतीला कारण शोधावे लागत नाही.

अलीकडचे उदाहरण पश्चिम घाटाचे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०११ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला अहवाल दिला. तो दडून राहिला. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज झाला, माहिती आयोगाने आदेश दिला, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ च्या मे महिन्यात अहवाल लोकांपुढे आला. तो स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे जावा, लोकांनी त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात, असे गाडगीळ सतत सांगत राहिले. प्रत्यक्षात डोंगरातल्या गावांत अहवालाच्या आधी अफवा पोचल्या. घर बांधता येणार नाही, झाड तोडता येणार नाही, गाव उठणार, अशा त्या अफवा. सत्तरीत मला आजही असे लोक भेटतात, ज्यांना त्या अहवालाचा राग आहे, पण त्यातले एक पानही त्यांच्या भाषेत कोणी त्यांच्या हाती दिलेले नाही. गाडगीळांनी स्वतः मात्र आपली बाजू पुरी केली. ते गोवा विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून शिकवून गेले, मराठीत आयुष्यभर लिहीत राहिले, आणि २०२३ साली 'सह्याचला आणि मी' हे आत्मकथन मराठी वाचकांच्या हाती ठेवले.

वाळपईपासून जवळच गुळेली पंचायतीत शेळ-मेळावली आहे. गोव्यातील भारतीय तंत्रज्ञान संस्था २०१६ साली सुरू झाली ती फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात. तिच्या कायम जागेसाठी सरकारने मेळावलीची जमीन ठरविली. गावकऱ्यांनी विरोध केला. २०२१ च्या जानेवारीत मोजणीच्या वेळी पोलिस व गावकरी यांच्यात झटापट झाली, आणि त्याच महिन्याच्या मध्यास सरकारने ती जागा सोडल्याचे जाहीर केले. आता, हा वाद मुळात जमिनीच्या हक्काचा होता, आणि असा हक्क कोणाच्याही व्याख्यानाने सुटत नाही, हे मी जाणतो. चांगले सांगितले असते तर लोकांनी जमीन दिली असती, असे म्हणणे हा त्या लोकांचा अपमान होईल. माझा मुद्दा लहान आहे. विज्ञानाची एवढी मोठी संस्था त्या गावाला प्रथम दिसली ती मोजणीच्या पथकाच्या रूपाने. त्याआधी तिच्यातला कोणी माणूस तेथे येऊन, येथली माती, येथले पाणी, येथला ताप याविषयी चार शब्द बोलला असता, तर निदान भांडण ओळखीच्या माणसाशी झाले असते.

येथे एक आक्षेप संभवतो. सोपे करून सांगताना शोध पातळ होतो, आणि लोकांपुढे उभा राहिलेला संशोधक टाळ्यांच्या मोहात पडतो. आक्षेप अगदी निराधार नाही. मैफलीत समेआधी उगाच तान फेकून टाळी घेणारे गवई मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक शोधाला क्रांती म्हणणारे संशोधकही आता दिसू लागले आहेत. परंतु याला उपाय आपल्याच गावच्या पुत्राने दाखविला. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी विश्वरचनेचे कूट गणित मांडले आणि तितक्याच निष्ठेने मराठीत कथा व लेख लिहिले. शाळकरी मुले सही मागू लागली की ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली माझी सही मिळेल. यात सगळे आले. कार्डावर जागा थोडी, म्हणून नेमके लिहायचे. आणि आधी प्रश्न, मग उत्तर. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा कितीतरी घरांतून जपून ठेवलेली ती कार्डे बाहेर निघाली असतील.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीने तीन गोष्टी सुचवितो. ज्या गावातून नमुना, माहिती किंवा फोटो घेतला, त्या गावाला त्याचा निष्कर्ष त्याच्या भाषेत, तोंडी, पुढचा हंगाम येण्यापूर्वी सांगावा. विद्यापीठाने हे निबंधाइतकेच काम म्हणून मोजावे. दुसरे, सांगण्याची जागा लोकांची असावी. रामन यांच्या शोधाच्या स्मरणार्थ २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन पाळतो, शहरांतली सभागृहे भरतात. त्याच सकाळी सत्तरीतली माणसे काजूच्या झाडाखाली वाकलेली असतात. त्यांच्यासाठी हंगामापूर्वीचा आठवडा बाजार किंवा रणमाले जेथे होते तो गावचा मांड, याहून चांगले सभागृह नाही. तिसरे, रक्ताच्या त्या कागदावर खाली चार ओळी मराठीत व कोकणीत छापाव्यात: तुम्हाला काय झाले आहे, कशाने झाले, घरच्यांना धोका आहे की नाही, आणि पुन्हा रानात जाताना काय करावे. यास फार खर्च येणार नाही.

तो तरुण संशोधक पाऊस लागण्यापूर्वी पुन्हा वाळपईला आला. त्या बायकांनी सांगितलेल्या जागांवर त्याने गोचिडी वेचून मोजल्या होत्या, त्याचा हिशेब त्यांनाच ऐकवायला. या वेळी पडदा नव्हता. माझी विद्यार्थिनी आपल्या वडिलांना घेऊन आली होती. ते मागच्या भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यांचे विचारून झाल्यावर त्यांनी हात वर केला आणि खिशातून तोच घडी घातलेला कागद बाहेर काढला.